काठी कुठं ठेवायची?

माझा आजा येसकर होता. परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या एका गावात. वेशीत उभं राहायचं, सांगावा न्यायचा, मौतीचा निरोप परगावी पोचवायचा आणि सांजच्याला घरोघर फिरून भाकरी मागायची. हे त्याचं काम. हातात माणसाएवढी काठी, वरच्या टोकाला घुंगरं. दारासमोर ठरल्या अंतरावर थांबायचं आणि काठी आपटायची. घुंगरं वाजली की आतल्या बाईला कळायचं, येसकर आलाय. तोंडानं हाक मारायची नाही. काठीनं मारायची.

१९५६ साली नागपूरला तो गेला नव्हता. पण धम्माची बातमी आली तशी त्यानं पाळी सोडली. ढोर ओढणं सोडलं. गावानं आमची मजुरी बंद केली. आजीनं अंबाडीचा पाला उकडून लेकरं जगवली. एवढं सोसलं, पण आज्यानं काठी जाळली नाही. आढ्याला खोचून ठेवली. बाप चिडायचा. ही लाज घरात कशाला? आजा म्हणायचा, "जाळली तर उद्या हेच म्हणतील, असलं काई नव्हतंच."

दहा-बारा वर्षांखाली एका कॉलेजानं जिल्ह्यातल्या लोककलेचं प्रदर्शन भरवलं. मी काठी नेऊन दिली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. आमच्या घरातली वस्तू चार शिकलेली माणसं बघणार! आत्याला सोबत घेऊन गेलो. आत्या म्हणजे आज्याची थोरली लेक. लहानपणी टोपलं घेऊन त्याच्या मागं दारोदार हिंडलेली.

हॉलच्या दारात आत्यानं चपला काढल्या. बाकी सगळे चपलांनिशी आत होते. ती चौकटीपाशीच उभी राहिली. कुणी अडवलं नव्हतं. उलट एक प्राध्यापक म्हणाले, "आत या की आजी." ती म्हणाली, "हितूनच दिसतंय."

काय दिसत होतं? संबळ, तुणतुणं, चौंडकं, आणि त्याच रांगेत काचेच्या कपाटात आमची काठी. खाली पाटी: "लोकवाद्य. ग्रामीण परभणी." आत्याला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिव्हलंय रं?" मी सांगितलं नाही.

त्या रात्री मला झोप नाही. काठी वाद्य कधी झाली? त्या घुंगरांवर कोण नाचलं होतं? मग ध्यानात आलं, चूक एकट्या पाटीची नव्हती. पाटी बदलून "येसकराची काठी" लिहिलं असतं तरी आत्या दारातच उभी राहिली असती.

प्रदर्शन म्हणजे गप्प वस्तूंची मांडणी, असं आपण धरून चालतो. पण ते नाटकच असतं. दार कुठं, उजेड कुणावर, काच किती लांब, बघणाऱ्यानं कुठं थांबायचं, किती वेळ, कुठून बाहेर पडायचं, सगळं बसवलेलं असतं. फक्त बसवणाऱ्याचं नाव पाटीवर नसतं. गावानं तर आमच्या हालचाली शेकडो वर्षं बसवल्या. कुठं थांबायचं, सावली कुठं पाडायची नाही, ओंजळ किती खाली धरायची. याची संहिता लिहिलेली होतीच, पण तिची खरी तालीम आमच्या अंगावर झाली. आत्याच्या पायांना ती तालीम पाठ होती. हॉल बांधणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ही तालीम मोडायची कशी, हे आम्हाला बाहेरून शिकावं लागत नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तळ्यावर मात्र कुणी जात नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब उठले आणि परिषदेतली माणसं त्यांच्याबरोबर गावातून चालत चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली. कागदावरचं पावलांनी खरं केलं. भीमराव कर्डकांच्या नाशिककडच्या जलशानंही तेच केलं. तमाशाचा साचा ठेवला, आतली गोष्ट बदलली. करमणुकीला आलेला माणूस प्रश्न घेऊन घरी गेला.

जगात इतरांनीही अशा खटपटी केल्यात. १९९२ साली अमेरिकेत बाल्टिमोरला फ्रेड विल्सन या काळ्या कलावंतानं तिथल्या इतिहास संस्थेच्या कोठारातल्याच वस्तू घेतल्या. एका कपाटात चांदीची नक्षीदार भांडी आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातल्या बेड्या. पाटी एवढीच: धातुकाम, १७९३ ते १८८०. २०१५ साली बोरिस शारमात्झ या फ्रेंच नर्तकानं लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये दोन दिवस नर्तक उभे केले आणि म्हटलं, हेच संग्रहालय धरा. माणसाच्या देहातही संग्रह असतो. हे वाचलं तेव्हा मला आत्याच आठवली. तिच्या पायात केवढा संग्रह आहे! पण तो तिला दाखवायचाय का, हे कुणी विचारायचं?

काठी मी परत आणली. पुन्हा आढ्याला.

मग १० डिसेंबर २०२४ आला. परभणीत स्टेशनाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर संविधानाची प्रतिकृती होती. काचेत होती. तिची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. त्यानंतर आमच्या विहारात बसून पोरं म्हणाली, आपलं आपण मांडू. काठी इथं ठेवू. एकानं काचेच्या पेटीचा भाव काढून आणला. दुसरा म्हणाला, "काच काय वाचवती ते बघितलं की परभणीत." पेटी रद्द.

विहाराच्या लांब खोलीत जुन्या लुगड्यांचे पडदे बांधले. सुरुवातीला कॉलेजातली तीच पाटी लावली, "लोकवाद्य". विल्सनची युक्ती, उसनी घेतली. पुढं खडूनं सात रिंगणं आखली, सात दारांची. बघायला येणाऱ्यानं प्रत्येक रिंगणात उभं राहायचं. पडद्याआडून आवाज यायचा, "थांब, हात रिकामा न्हाई." दोन-दोन मिनिटं ताटकळत ठेवायचं. नुसतं वाचून कळत नाही, उभं राहिल्यावर कळेल, असा आमचा हिशेब.

तालमीला आमच्यातलीच एक कॉलेजातली पोरगी रिंगणात उभी राहिली. तिनं येसकर कधी पाहिला नव्हता. पण आवाज आला आणि तिचे हात आपोआप पुढं जुळले, मान खाली गेली. कोपऱ्यात बसलेली आत्या ओरडली, "पोरी, हात खाली घे!"

सगळे गप्प. आत्या उठून आली. "आमी हे सोडावं म्हणून तुझ्या पणज्यानं उपास काढले. आन् तुमी परत करून दाखवायलेत? कामून?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. एक जण पुटपुटला, सवर्णांना कळावं म्हणून. आत्या म्हणाली, "मग त्यांस्नी त्यांच्या जागी बसवा ना."

तिथंच मांडणी उलटली. रिंगणं तशीच ठेवली, पण त्यात कुणीच उभं राहायचं नाही. बघायला येणाऱ्यानं पडद्याच्या आत बसायचं, घरवाल्याच्या जागी. बाहेरून पावलं येतील. घुंगरं वाजतील, पण काठीची नाहीत. आत्यानं काठी हातात धरू दिली नाही. बैलाची घुंगरमाळ वापरली. पावलं दारासमोर थांबतील. मग तीन मिनिटं काहीच नाही. ना आवाज, ना सूचना. मग पावलं पुढच्या दारी.

भीमजयंतीच्या आठवड्यात चार दिवस हे चाललं. बहुतेक जण गप्प बसून राहिले. काही हसले. काहींनी मोबाईल काढला. आमच्यातला एक म्हातारा तिसऱ्या दाराला रडला. तिसऱ्या दिवशी गावातले एक रिटायर मास्तर आले, वरल्या आळीचे. घुंगरं थांबली तसे ते चुळबुळले, मग उठले आणि पडदा सारला. बाहेर कुणी नव्हतं. नुसतं खडूचं रिंगण. मास्तर तसेच उभे राहिले, पडदा हातात धरून. पुढं काय करायचं ते आम्ही बसवलं नव्हतं. आम्हीही काही बोललो नाही.

शेवटच्या भागात आत्या खुर्चीवर बसायची. समोर बाकावर काठी आडवी. बघायला आलेला उभा. ज्याला विचारायचंय त्यानं विचारायचं. आत्याला वाटलं तर ती सांगायची, नाही तर "आज न्हाई" म्हणायची. मास्तरांनी विचारलं, "आमच्या दाराला किती वेळ थांबावं लागायचं?"

आत्या म्हणाली, "तुमची माय बरी होती. लवकर वाढायची. पण भाकर वरूनच टाकायची."

मास्तर निघताना पायात चपला घालायला विसरले. कुणीतरी मागून नेऊन दिल्या.

आमचा एक जुना मित्र, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला, हे सगळं बघून तापला. म्हणाला, "हे जाळायचं असतं, मांडायचं नसतं. गुलामीची वस्तू देवासारखी आडवी ठेवलीत." त्याचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. काठीपुढं कुणी फूल ठेवलं असतं तर मीच ती जाळली असती. दोघांनी ठेवायचा प्रयत्न केला. आत्यानं उचलायला लावलं.

आता एका मोठ्या शहरातून विचारणा झालीय. काठी पाठवा, आम्ही मांडू, प्रवासखर्च देऊ. मी आत्याला सांगितलं. तिनं विचारलं, "तिथं मला बसायला खुर्ची हाय का?"

मी तसं लिहून कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर काठी आढ्यालाच आहे.