ग्रॅमांचा हिशेब

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीच्या अडतीवर माझी चाळीस वर्षे गेली. पोती आणि क्विंटल यांखेरीज दुसरे माप मला ठाऊक नव्हते. मागील वर्षी माघात नात जन्मली, आठव्या महिन्याच्या आरंभीच. वजन अवघे १४०० ग्रॅम.

चोवीस दिवसांनी ती काचेच्या पेटीतून घरी आली. आम्ही पेढे वाटले. संकट टळले असे मी मानले. वस्तुतः परिचारिकांचे काम त्या दिवसापासून आमच्याकडे आले होते. सूनबाई बाळाला उघड्या छातीशी धरून तासन्‌तास बसे. ती थकली की चिरंजीव बसत. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे ही रीत सुरू केली, हे मला तेव्हा कळले. सौभाग्यवतींनी गुटी व मध कपाटात ठेवले आणि पाहुण्यांना दारातूनच निरोप दिला.

तिसाव्या दिवशी डोळ्यांची तपासणी होती. नेमके त्याच दिवशी नव्या हळदीचे सौदे! मी म्हणालो, “डोळे तर किती टपोरे आहेत. पुढच्या आठवड्यात पाहू.”

कधी उलट न बोलणारी सूनबाई म्हणाली, “बाबा, हुंडीची मुदत आपण कधी पुढे ढकलता का?”

मी निरुत्तर झालो. गाडी काढली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. आमच्या बाळाच्या डोळ्यांत तोच दोष निघाला. दर आठवड्यास तपासणी झाली आणि तिसऱ्या खेपेस लेझर उपचार करावे लागले. आज ती गादीवर बसून दूरच्या पोत्यांकडे बोट दाखविते.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. असे बाळ घरी आले, तर वजन, लसीकरण, डोळे व कान यांच्या तपासणीच्या तारखा दुकानातील दिनदर्शिकेवर लिहाव्यात. बाळ दूध ओढेनासे झाले, गार किंवा सुस्त पडले, अथवा मिनिटास साठ वा त्याहून अधिक श्वास घेऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. बाळंतिणीवर पाहुणचाराचा भार टाकू नये. आणि तिने काही सांगितले, तर आमच्या वयाच्या माणसांनी ते पहिल्याच वेळी ऐकावे.