बरफ हाय तवर

उष्णतेचा धडा आला की मी दर वर्षी पहिला प्रश्न एकच टाकतो. शून्य अंशाचं पाणी आणि शून्य अंशाचा बर्फ, यांत जास्त गार कोण? वर्ग एकसुरात ओरडतो, "बर्फ!" मुलांची तरी काय चूक? घरी आजारी पोराच्या कपाळाला हात लावून आपणही 'ताप किती आहे?' असंच विचारतो. अंगातली ऊब आणि थर्मामीटरवरचा आकडा, दोन्ही एकाच शब्दात नांदतात.

सुरुवातीच्या वर्षांत मीही व्याख्या फळ्यावर उतरवून मोकळा व्हायचो. एकदा चंचुपात्रात बर्फाचा चुरा घालून थर्मामीटर ठेवला. बर्फ निम्मा वितळला तरी पारा शून्यावरून हलेना. "सर, बिघडलाय," मागच्या बाकावरून आलं. आणि मी, विज्ञानाचा पदवीधर, खरोखरच कपाटातून दुसरा काढला! त्यानंही शून्यच दाखवलं. 'अप्रकट उष्मा' हा शब्द तोवर मी शेकडो वेळा लिहिला असेन.

तो पटला दिवाळे गावच्या मासळीबाजारात. माझ्या एका विद्यार्थ्याची आई तिथे बसते. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळलेली, लागेल तेवढाच तुकडा फोडायचा. खोक्यात खाली चुरा, त्यावर पापलेट, वर पुन्हा चुरा. खोक्याच्या तळाला भोक, त्यातून पाणी ठिबकत राहतं. लादी आख्खी का ठेवता, विचारलं तर म्हणाल्या, "फोडली का लवकर इरघळते, मास्तर." चुरा माशाला सगळीकडून भिडतो म्हणून झटपट गार करतो, पण बाहेरची उष्णताही तितक्याच झटपट घेतो, लादी टिकते. वहनाचा अख्खा धडा त्या गोणपाटाखाली होता. दुपार चढत होती. मासळी टिकेल ना, असं विचारल्यावर म्हणाल्या, "बरफ हाय तवर फिकर नाय."

अप्रकट उष्म्याचा हिशेब सोपा आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळायला सुमारे ८० किलोकॅलरी घेतो आणि तेवढ्यात त्याचं तापमान तसूभरही वाढत नाही. तेवढ्याच उष्णतेनं एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल. ग्लासगोत १७६०च्या सुमारास जोसेफ ब्लॅकनं हे ताडलं. वितळबिंदूला पोचलेला बर्फ जराशा उष्णतेनं एकदम वितळत असता, तर दर वसंतात डोंगरावरचा बर्फ महापूर होऊन उतरला असता, हा त्याचा युक्तिवाद मला आजही फार आवडतो.

 

आता प्रयोग असा करतो. एका ग्लासात शंभर ग्रॅम बर्फाचं गार पाणी, दुसऱ्यात शंभर ग्रॅम बर्फ. दोन्हींत ८० अंशांचं शंभर-शंभर ग्रॅम पाणी ओतायचं, ढवळायचं आणि बर्फ दिसेनासा झाला की एकेकानं बोटं बुडवायची. पहिला ग्लास चाळिशीच्या आसपास, अंघोळीच्या पाण्यासारखा. दुसरा शून्याला टेकलेला, बोट झिणझिणतं.

"मग गरम पाण्यातली उष्णता गेली कुठे?"

परवा त्याच कोळणीचा धाकटा पोरगा उठला. "बरफानं खाल्ली, सर."

पुस्तकात 'शोषली' असं आहे. मी फळ्यावर 'खाल्ली' लिहिलं.