वरचं घर, खालचं घर

कोथरूडमधली आमची इमारत 1988 सालची, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर तीन बेडरूमच्या घरात काका-काकू दोघंच राहत, आणि काकूंच्या गुडघ्यांना जिना झेपेनासा झाला होता. आम्ही तळमजल्यावर एका बेडरूममध्ये पाच माणसं. आपण घरांची अदलाबदल करू, वरचा फरक तुम्ही द्या, हे काकूंनीच सुचवलं.

काकांनी फरक सांगितला 55 लाख. आम्ही त्यांच्या छतातून झिरपणारं पाणी दाखवलं, त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला अंधार. शेवटी आमचं घर 80 लाख, त्यांचं 1 कोटी 30 लाख, फरक 50 लाख असं जुळलं. दोन्ही आकडे रेडी रेकनरच्या वर आहेत ना, ते मी आधीच पाहून ठेवलं होतं. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं.

खरी बोलणी इथून पुढे सुरू झाली. पैसे हातात पडणार 50 लाख, म्हणजे शुल्कही 50 लाखांवरच, असं भेटेल तो सांगत होता. कायदा तसं बघत नाही. त्याच्या लेखी दोन पूर्ण घरांची मालकी बदलते. दोन स्वतंत्र खरेदीखतं केली असती तर पुण्यातल्या सात टक्के दराने आमचे 9 लाख 10 हजार आणि काकांचे 5 लाख 60 हजार, मिळून 14 लाख 70 हजार गेले असते. अदलाबदलीचा एकच दस्त केला, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 32 प्रमाणे जास्त किमतीच्या घरावरच शुल्क: 9 लाख 10 हजार. नोंदणी फीही एकदाच, कमाल 30 हजार.

मग हे 9 लाख 10 हजार कोणी भरायचे? वेगळं काही ठरलं नसेल तर कायद्याने निम्मे-निम्मे. काकांना ते पटेना. "मोठं घर तुला मिळतंय, मग निम्मा भार माझ्यावर का?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. वेगळी खतं केली असती तर ज्याने जितकं भरलं असतं त्या प्रमाणात वाटून घेऊ, असं मी सुचवलं. आमचे साधारण 5 लाख 60 हजार, त्यांचे साडेतीन लाख. बचतीचा वाटा दोघांनाही मिळाला. शेजाऱ्याशी व्यवहार करताना त्याचा करही आपल्याच वहीत मांडून बघावा, असं मला मनापासून वाटतं. एरवी फरकाची रक्कम योग्य की अयोग्य हे कळायला मार्गच नसतो.

हे सगळ्यात जास्त जाणवलं ते प्राप्तिकराच्या वेळी. अदलाबदल हीसुद्धा आयकर कायद्याच्या दृष्टीने विक्रीसारखीच. आम्ही 2011 मध्ये 32 लाखांना घेतलेल्या घरावर 48 लाखांचा नफा दिसत होता, पण त्याहून महागडं घर घेतल्यामुळे कलम 54 खाली तो सगळा सुटला. काका लहान घरात येत होते, त्यामुळे त्यांची सूट अपुरी पडणार होती. त्यांच्या घराचं 1 एप्रिल 2001 चं मूल्य मूल्यांककाने 12 लाख काढलं. व्यवहार 2024-25 मधला. नव्या साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने त्यांना सव्वाचार लाखांहून जास्त कर बसत होता. पण 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीचा पर्याय होता: महागाई निर्देशांक 363 धरला की ते 12 लाख साडेत्रेचाळीस लाखांच्या वर जातात. त्यातून नव्या घराची किंमत आणि शुल्क वजा केल्यावर करपात्र उरले तीन लाखांच्या आत. तेवढे त्यांनी सहा महिन्यांच्या मुदतीत कलम 54 ईसीच्या बाँडमध्ये गुंतवायचे ठरलं. सी.ए.ने मांडलेला हा हिशेब कागदावर पाहिल्यावरच काकांनी 50 लाखांवर शेवटचा होकार दिला.

कागदपत्रं मात्र दोन्ही बाजूंची सारखीच कसून तपासावी लागली. अदलाबदलीत एकाच्या मालकी हक्कात खोट निघाली तर दुसरा आपलं घर परत मागू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 119 मध्ये ती तरतूद आहे. सोसायटीने हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) मागितलं, तेव्हा सभासदांच्या आपसांतल्या अदलाबदलीला ते लागत नाही, हे आदर्श उपविधींतून दाखवलं. तो विषय तिथेच मिटला.

राहिला महापालिकेचा मिळकतकर. आधीची थकबाकी घरामागे येते, म्हणून दस्ताआधी दोन्ही घरांचा त्या सहामाहीपर्यंतचा कर भरून पावत्या जोडल्या. काकांच्या बिलात स्वतः राहणाऱ्यांची 40 टक्के सवलत दिसत नव्हती, कारण मधली काही वर्षं ते घर भाड्याने दिलेलं होतं. ही सवलत 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण ती मिळवायला पीटी-3 अर्ज आणि राहत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. नावं बदलून आल्यावर सोसायटीचं पत्र जोडून तो अर्ज मी क्षेत्रीय कार्यालयात दिला, आणि काकांच्या नव्या बिलात सवलत आहे ना, तेही त्याच खिडकीवर विचारून घेतलं.