भीमाशंकरच्या रानातला हिशोब

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येक जण भीमाशंकरला जाऊन आले असतील. कुणी आई-बाबांबरोबर, कुणी आजी-आजोबांबरोबर. पायऱ्या उतरायच्या, ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचं, पुन्हा धापा टाकत वर यायचं, गरमागरम भजी खायची आणि एसटी पकडायची! पण देवळाभोवतीच्या त्या गच्च रानात कोण कोण राहतं, आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक कोण करतं, हे कधी पाहिलंय का? चला तर, आज आपण रानात जाऊ या.

पुण्याहून निघालं की मंचर, घोडेगाव करत रस्ता डिंभे धरणाच्या बाजूने वर चढतो. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. वर पोचलो की आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ हजार मीटर उंचीवर असतो. भीमा नदीचा उगम इथलाच. १९८५ साली हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं, ते मुख्यतः एका प्राण्यासाठी. ओळखा पाहू कोण? बरोब्बर, शेकरू! आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

शेकरू म्हणजे मोठी खार. शेपटीसकट मोजली तर जवळजवळ मीटरभर लांब. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट आणि शेपूट अशी झुपकेदार की बस्स! ते जमिनीवर फारसं येतच नाही. या झाडावरून त्या झाडावर लांब उड्या मारत जातं, म्हणून त्याला एकमेकांना भिडलेल्या फांद्यांचं सलग रान लागतं. फळं, बिया, कोवळी पानं, झाडाची साल हा त्याचा खाऊ.

आता स्वयंपाकाचं पाहू. रानाचं स्वयंपाकघर म्हणजे पानं. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी ओढलेलं पाणी आणि सूर्याचा प्रकाश एवढ्यावर हिरवं पान साखर तयार करतं. चूल सूर्याची, आचारी पान! जांभळाचं फळ शेकरू खातं. शेकरूवर मोरघार टपून असते. हीच अन्नसाखळी.

तुम्ही विचाराल, मग रानात झाडं हजारो, शेकरं त्यापेक्षा कितीतरी कमी आणि मोरघारी अगदी मोजक्या, असं का? या कोड्याचा हिशोब रेमंड लिंडमन नावाच्या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून मांडला. त्याचा तो निबंध १९४२ साली छापून आला. पण तो पाहायला लिंडमन हयात नव्हता. वयाच्या २७व्या वाढदिवसाआधीच तो वारला होता.

हिशोब साधा आहे. खाल्लेल्या अन्नातली बरीचशी ऊर्जा उड्या मारण्यात, श्वास घेण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होते. काही तर पचतच नाही. ढोबळ मानाने दहावा हिस्सा पुढच्या प्राण्याच्या वाट्याला येतो. समजा, पानांनी १०,००० पैशांचा खाऊ केला. तर पानं-फळं खाणाऱ्यांच्या अंगी लागले १,००० पैसे आणि त्यांना खाणाऱ्यांच्या अंगी फक्त १००. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन हवेत गेली. ती पुन्हा झाडाकडे येत नाही. म्हणून सूर्याला रोज नवी चूल पेटवावी लागते.

पण मातीतल्या वस्तूंचं तसं नाही बरं का! नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम यांचा काही आकाशातून रोज नवा पुरवठा येत नाही. आहे तेच पुन्हा पुन्हा वापरायचं. ते कसं, हे आम्हाला श्रावणातल्या मुक्कामात कळलं. आमच्या चौथीतल्या एका मुलाने वाटेवरचा ओला पाला काठीने बाजूला सारायला सुरुवात केली. बरोबर गावातले एक महादेव कोळी आजोबा होते. ते म्हणाले, "राहू दे बाळा, त्यो रानाचा शिधा हाय."

मग आम्ही सगळे उकिडवे बसलो. वरचा थर अख्ख्या पानांचा. त्याखाली जाळी झालेली पानं, पांढरे बुरशीचे धागे, एक पैसा, दोन गांडुळं. त्याहून खाली काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात घुसलेली झाडाची बारीक मुळं! म्हणजे काल पडलेलं पान कुजून उद्याच्या पानाचं खत होत होतं. सांबराचं गळून पडलेलं शिंगसुद्धा वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं आणि त्यातलं कॅल्शियम मिळवतं.

रात्री आजोबांनी एक कुजकं लाकूड दाखवलं. "बॅटऱ्या बंद करा," म्हणाले. काही वेळाने डोळे अंधाराला सरावले आणि पोरं ओरडलीच, "गुरुजी, लाकूड चमकतंय!" पावसाळ्यात इथल्या काही बुरशी अशा मंद हिरवट उजळतात. बुरशी लाकूड कुजवून ऊर्जा मिळवते आणि त्यातली थोडी प्रकाश बनून बाहेर पडते. म्हणजे तो उजेड कुठला? झाडाने कितीतरी वर्षांपूर्वी साठवलेल्या उन्हाचाच!

आता जरा काळजीचं बोलू. इथे पाऊस मुसळधार. झाडांची मुळं आणि पाल्याचं पांघरूण आहे, म्हणून माती जागेवर आहे. झाडं तुटली, पाला गेला, तर उतारावरची माती पाण्याबरोबर वाहून जाईल आणि शिधाही जाईल. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, जायला मात्र एखादा पावसाळा पुरतो. शिवाय आपण यात्रेला जातो आणि वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या टाकून येतो. बुरशी आणि गांडुळं सगळं रान पचवतात, पण ते पाकीट त्यांना पचत नाही. पाल्यात ते तसंच पडून राहतं.

पटत नाही? मग स्वतःच करून पाहा. एका कुंडीत ओलसर माती घ्या. तिच्यात वाळलेली पानं, केळ्याची साल आणि चॉकलेटचा कागद पुरा. कुंडीवर तारीख लिहा आणि माती ओलसर ठेवा. दोन-तीन महिन्यांनी उकरा आणि काय उरलं, काय मातीत मिसळलं, ते वहीत लिहा. आणि पुढच्या वेळी भीमाशंकरला जाल तेव्हा पिशवीत एक रिकामी पिशवी जास्तीची न्या. आपला कचरा आपल्याबरोबर परत आणायला!