कर्जतचें बिऱ्हाड : लाभ आणि हानि

दोन महिन्यांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें बँकॉकहून पत्र आलें. नोकरीनिमित्त तिकडे गेलेला हा गृहस्थ आतां पन्नाशी उलटून निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि उरलेलें आयुष्य तेथेंच काढावें कीं स्वदेशीं परतावें, या विवंचनेंत आहे. वर्गांत शिकविल्याप्रमाणें त्यानें कागदावर दोन रकाने पाडले होते. लाभाच्या रकान्यांत लोकांचा विनय, हात जोडून नमस्कार करण्याची त्यांची चाल, फळांची विपुलता, उत्तम रुग्णालयें, आणि विशेषेंकरून माझ्यासाठीं म्हणून, त्या नगराचें लांबलचक राजनाम लिहिलें होतें. महानगर, अमर, रत्न, अयोध्या, नवरत्न, राजधानी हे शब्द त्या नामांत थाई उच्चाराचें वस्त्र पांघरून बसलेले आहेत. संस्कृत शिकवून म्हातारा झालेल्या माणसास याहून गोड भेट कोणती?

हानीच्या रकान्यांत मात्र व्यवहार होता. पन्नाशीपुढील परकीयास निवृत्त म्हणून तेथें राहावयाचें, तर वर्षावर्षाचा परवाना काढावा लागतो, आणि त्यासाठीं बहुधा आठ लक्ष बात बँकेंत अडकवून ठेवावे लागतात. दर ९० दिवसांनीं आपला पत्ता सरकारास कळवावा लागतो. इमारतींतील गाळा परकीयास घेतां येतो, पण तोही इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेंत. जमीन मात्र नांवावर करतां येत नाहीं. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, “गुरुजी, तुम्हीही शहर सोडलेंत. तुमच्या दोन रकान्यांत काय आहे?”

हें वाचून मला हंसूं आलें. त्यानें समुद्रापलीकडचें म्हणून जें सांगितलें, त्यांतलें बरेंचसें मी मुंबईपासून सुमारें शंभर किलोमीटरांवर, आपल्याच भाषेच्या मुलुखांत अनुभवीत आहें. परकेपण हें अंतरावर अवलंबून नसतें. त्याला पाठविलेलें उत्तर थोडें विस्तारून येथें देत आहें; कारण निवृत्तीनंतर ‘कुठेंतरी गांवाकडे जाऊन राहूं’ हा विचार आज पुष्कळ घरांत चाललेला असतो.

२०१६ सालीं मी मुंबईच्या एका उपनगरांतील शाळेंतून निवृत्त झालों. दोन खोल्यांचें घर, त्यांत मुलगा, सून, दोन नातवंडें आणि आम्ही दोघें. भांडण म्हणाल तर नव्हतें. परंतु रात्रीं अंथरुणें घातल्यावर पाय टाकावयास जागा उरत नसे. मुलगा कधीं बोलला नाहीं, आणि तो बोलत नाहीं हेंच मला डांचूं लागलें. निर्वाहनिधीचे पैसे हातीं आले होते. कर्जत आणि खोपोली यांच्या दरम्यान एका लहान स्थानकापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर दोन खोल्यांची, पडवीची घरकुलें कोणी बांधीत होता. त्यांतलें एक घेऊन २०१८ च्या अक्षय्य तृतीयेस आम्हीं येथें बिऱ्हाड केलें.

आमच्या विद्यार्थ्याला जमीन घेतां येत नाहीं, याचें त्याला वाईट वाटतें. त्याला मीं कळविलें कीं, मलाही घेतां आली नाहीं. आपल्या राज्यांत १९४८ च्या कुळकायद्यान्वयें जो शेतकरी नाहीं, त्याला सरकारी परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. माझ्यासारख्या सातबाऱ्यावर नांव नसलेल्या माणसास बिनशेती झालेल्या तुकड्यावरच समाधान मानावें लागतें. घर घेणाऱ्यानें तो बिनशेतीचा हुकूम, फेरफार आणि रस्त्याचा हक्क हीं तीन कागदपत्रें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावीं. माथेरानच्या भोंवतालचा मुलूख २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, आणि कर्जत-खालापुरांतील कांहीं गांवें त्यांत येतात. तेथें बांधकामावर निर्बंध आहेत, हेंही आधीं विचारून घ्यावें.

आतां या भूमीविषयीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. कर्जतेस उल्हास नदी, खालापुरास पाताळगंगा. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला, तेव्हांपासून कर्जत हें घाटाचें दार झालें. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांस चढ चढण्यासाठीं मागून जादा इंजिनें येथें लावीत आले. रेल्वेचे लोक त्यांस ‘बँकर’ म्हणतात. त्या खोळंब्यानें कर्जतच्या बटाटेवड्यास साऱ्या महाराष्ट्रांत कीर्ति मिळवून दिली. खालापुरांत महडचा वरदविनायक आहे, आणि १६६१ सालीं शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची कोंडी केली ती उंबरखिंडही तेथेंच. कर्जतजवळ कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं आहेत. तेथील चैत्याच्या दगडांत लाकडी तुळयांचा घाट हुबेहूब उतरला आहे. माझे गुडघे शाबूत होते तोंवर मी तीनदां तेथें जाऊन आलों.

लाभांत पहिला लाभ ऋतूंचा. मुंबईस मी पन्नास वर्षें राहिलों, पण पाऊस म्हणजे छत्री आणि उशीरा येणारी गाडी, यापलीकडे मला त्याची ओळख नव्हती. येथें मेच्या अखेरीस झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागतात. पहिल्या सरींबरोबर ठाकर बायका बाजारांत शेवळें, टाकळा, भारंगी, कंटोळीं घेऊन बसतात. शेवळें नीट न शिजविलीं तर घसा खाजतो. त्यांत काकडाचीं आंबट फळें घालावीं, हें माझ्या पत्नीस अशाच एका विक्रेतीनें हातांतील पैसे मोजतां मोजतां शिकविलें. भाद्रपद-आश्विनांत डोंगर सोनकीनें पिवळे होतात. दुसरा लाभ वेळेचा: सकाळीं पडवींत बसून दोन तास निर्वेध वाचन. तिसरा, आणि माझ्या दृष्टीनें मोठा, हा कीं दूर गेल्यावर घरचीं माणसें जवळ आलीं. नातवंडें सुट्टीस येतात तेव्हां मला आजोबा म्हणून भेटतात. वाटेंत बसलेला म्हातारा म्हणून नव्हे.

हानीचा रकाना मी लपविणार नाहीं. उन्हाळा येथें मुंबईहून कठोर आहे. पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाणी पडतें, आणि एप्रिलांत विहिरी तळ दाखवितात. विजेची कथा तर ‘दिव्याखालीं अंधार’ या म्हणीचा धडाच आहे. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी खालीं सोडून वीज करण्याचें टाटांचें केंद्र खोपोलीस १९१५ सालीं व भिवपुरीस १९२२ सालीं सुरू झालें. त्या विजेनें मुंबईच्या गिरण्या फिरल्या. १९४२ च्या लढ्यांत माथेरानच्या भाई कोतवालांच्या दस्त्यानें मुंबईस जाणाऱ्या या विजेचे मनोरेच पाडले. पुढें २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत ते आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. वीज जन्मते ती याच डोंगरांच्या पायथ्याशीं, आणि वारा सुटला कीं कंदील शोधावा लागतो तोही आम्हांसच. शिवाय फुरशांची व मण्यारीची भीति, डांस, आणि खोपोलीच्या फांट्यावरील तुरळक गाड्या. एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर एखादें पुस्तक सहज वाचून होतें.

सर्वांत मोठी हानि एकटेपणाची. आमच्या आसपास जीं घरें आहेत, त्यांचे मालक शनिवारीं येतात आणि रविवारीं कुलूप लावून जातात. माझी पत्नी पहिल्या वर्षीं म्हणाली, “चैत्रांतलें हळदीकुंकू मीं कुणास बोलवावें? कुलुपांना?” या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

तें उत्तर २०२१ च्या जुलैंत मिळालें. त्या आठवड्यांत पावसानें घाटांतील रूळ उखडले, अंबरनाथच्या पुढें गाड्या बंद झाल्या, उल्हास नदी रस्त्यांवर आली. वीज गेलेली, फोन मुका. रात्रीं दोनच्या सुमारास पत्नीच्या छातींत कळ उठली. घाम फुटलेला, हात थंड. मी कंदील घेऊन बाहेर धांवलों. पहिलें फाटक, दुसरें, तिसरें, सर्वांस कुलुपें. मोठमोठ्या बंगल्यांपुढें पावसांत उभा राहून मी हाका मारीत होतों, आणि त्या क्षणीं मला वाटलें कीं, माझ्या हट्टापायीं मीं हिला या रानांत आणून सोडली.

परत फिरलों तों वाटेवर बॅटरीचा उजेड दिसला. पलीकडच्या वाडींतील एक वृद्ध शेतकरी आणि त्यांचा मुलगा येत होते. आम्ही त्यांना बाबा म्हणतों. मुलाजवळ भाजी वाहण्याचा टेंपो होता. ओढ्यावरची मोरी बुडालेली असल्यामुळें त्यानें शेताच्या कडेनें, वरच्या अंगाच्या कच्च्या वाटेनें गाडी काढली. जवळच्या दवाखान्यांत त्या वेळीं डॉक्टर नव्हते. मग चौकच्या रस्त्यानें पनवेल. पोंचलों तेव्हां उजाडूं लागलें होतें. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगतां आलें नसतें.

आठ दिवसांनीं मी पैसे घेऊन बाबांकडे गेलों. त्यांनीं हात लावला नाहीं. मीं विचारलें, “बाबा, तुम्हांला कळलें तरी कसें? मी तर तुमच्याकडे आलोंच नव्हतों.” ते म्हणाले, “गुरुजी, तुमचं घर आहे ना, ती माझी खालची खाचरं. इकली, पण तिकडं बघायची सवय जाईना. रातच्याला उठलो की एकदा बघतो. त्या दिवशी कंदील इकडून तिकडं पळताना दिसला.”

मीं मान खालीं घातली. बिनशेतीचा हुकूम मीं दहादां वाचला होता, पण बिनशेती होण्यापूर्वीं ती शेती कोणाची होती, हें तीन वर्षांत कधीं विचारलें नव्हतें. पुढें चौकशी केली तेव्हां समजलें कीं, मुलीचें लग्न आणि दवाखाना यांपायीं ती जमीन गेली, आणि जिथें कुटुंबाचा भात पिके, त्याच्या शेजारच्या बंगल्यावर त्यांचा धाकटा मुलगा आतां रखवालदार आहे. या मुलुखांत अशीं घरें पुष्कळ आहेत. २००२ सालीं द्रुतगतिमार्ग पूर्ण झाला आणि शहर जवळ आलें. जमिनीस भाव आला, पण तो पैसा एका पिढींत संपतो आणि जमीन परत येत नाहीं. आम्ही शांततेसाठीं येथें येतों. त्या शांततेची किंमत कोणी दिली, हें विचारण्याची आम्हां शहरवासीयांस संवय नाहीं.

त्यानंतर मुलानें आग्रह धरला कीं, घर विकून परत या. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर डोंगर कोसळून ती ठाकरवाडी गाडली गेली, तेव्हां तर तो दुसऱ्याच दिवशीं आम्हांस न्यावयास आला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. आमचें घर कड्याखालीं नाहीं, पण पावसाळ्यांत येथें आजारी माणूस हा दैवाधीन असतो.

आम्हीं मध्यम मार्ग काढला. संन्याशानें आठ महिने फिरावें आणि चातुर्मासांत एके ठिकाणीं राहावें, असा आपल्याकडे दंडक आहे. आम्ही आषाढीपासून चार महिने मुलाकडे राहतों आणि कार्तिकीनंतर येथें येतों. दोन खोल्यांतील दाटी चार महिने कोणासही सोसते, आणि मुदत ठाऊक असली कीं जिभेवर गोडवाही राहतो. सोनकीचा बहर हुकतो, एवढेंच. येथील आठ महिन्यांत मी बाबांच्या नातवंडांस आणि वाडींतील आणखी सातआठ मुलांस गणित व मराठी शिकवितों. ही परतफेड नव्हे. खाचरांची परतफेड शुभंकरोतीनें होत नाहीं. परंतु ज्या गांवचें पाणी प्यावें, त्या गांवीं आपला कांहीं उपयोग असावा, एवढें मला कळलें आहे. गेल्या चैत्रांत हळदीकुंकवास अकरा बायका आल्या. त्यांत बंगल्यांतली एकही नव्हती.

हें सारें विद्यार्थ्यास लिहून मीं पत्र पत्नीपुढें वाचावयास ठेवलें. तिनें तें शांतपणें वाचलें, आणि म्हणाली, “एवढें लांब कशाला लिहिलेंत? त्याला एवढेंच विचारा कीं, रात्रीं दोन वाजतां दार ठोठावलें तर उघडतील अशीं तीन घरें त्याला तिकडे ठाऊक आहेत का? असतील तर राहा म्हणावें. नसतील तर आधीं तीं जोडायला लाग म्हणावें. मग इथें येवो कीं तिथें राहो.”

तिचीं वाक्यें मीं तशींच शेवटीं उतरून घेतलीं आणि पत्र रवाना केलें.