मुंबई ते नागपूर : दीड तासाचें अंतर

मुंबई-नागपूर अंतर लोहमार्गानें ८३७ किलोमीटर आहे. आकाशमार्गानें तें सुमारें ६९० भरतें व विमान तें दीड तासांत तोडतें. मातोश्रींच्या आजाराची वार्ता येतांच गतवर्षीं आम्ही भल्या पहाटे सांताक्रूझचा विमानतळ गांठला, तेव्हां हाच दीड तास मनांत घोळत होता. परंतु घरापासूनची वाट, तपासणी, प्रतीक्षा आणि सोनेगांवाहून महालापर्यंतची रहदारी धरून साडेपांच तास लागले.

खिडकींतून सह्याद्रीचे कडे, गोदावरीचें खोरें, मग वऱ्हाडची काळी भूमि सरकत गेली. या आकाशाची जुनी कथा आठवली. १९४९ सालीं रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें नागपुरास एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत. मातोश्री विवाह होऊन नागपुरास आल्या, त्यानंतर गिरगांवच्या माहेरचीं पत्रें त्यांस याच वाटेनें येत.

मातोश्री जाग्या होत्या. क्षीण स्वरानें त्यांनीं विचारिलें, "किती वेळ लागला रे?"

"विमानांत दीडच तास," आम्ही म्हणालों.

"मग इतके दिवस कां आला नाहींस?"

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. किलोमीटरांत व तासांत न मोजतां येणारें अंतर आमचें आम्हींच वाढविलें होतें.