सुट्टीतली घरयादी

मास्तरांची काय, उन्हाळाभर चैन, असे लोक म्हणतात. २०१० च्या मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या या बाई मात्र डोक्यावर पदर घेऊन वाडीवस्ती पालथी घालत होत्या. २०११ च्या जनगणनेची घरयादी करायची होती. घरामागे ३५ प्रश्न. छप्पर कशाचे, दिवा विजेचा की रॉकेलचा, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर? संगणक आहे का, हे विचारताना बाईंनाच हसू येई. लोक मात्र आधी गूळ-पाणी पुढे करीत आणि मगच उत्तरे देत.

शाळेत रोज उशिरा येणाऱ्या एका मुलीचेही घर लागले. पिण्याचे पाणी आवारात, जवळ की दूर? खेड्यात ५०० मीटरपलीकडचे ते दूर. आई म्हणाली, "विहीर टेकडीखाली आहे, बाई. मी उजाडताच मजुरीला जाते. सगळ्या खेपा हीच करते." बाईंनी 'दूर'चा आकडा लिहिला. रकाना एवढासा, खेपा लिहायला त्यात जागा नव्हती.

जूनमध्ये शाळा भरली. नवी पुस्तके, ओल्या छत्र्या, पहिलीतल्यांची रडारड. प्रार्थना संपल्यावर ती मुलगी आली आणि सवयीने दाराबाहेरच उभी राहिली.

"किती खेपा झाल्या?" बाईंनी विचारले.

"तीन."

"ये, बस."

त्या वर्षी बाईंच्या वर्गाची हजेरी पहिल्या तासाच्या शेवटी होऊ लागली.